उजव्या पुढच्या चाकातली हवा

ब्रेकची कामं करणाऱ्या या मिस्त्रींना गल्लीत धरसोडे म्हणतात. ते त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचून इथे कुणी येत नाही. धरसोडे हे नाव ठेवलं समोरच्या पेंटरने. मिस्त्रींच्या स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही. एकदा मनाशी ठरवलं की हा माणूस तसूभर हलत नाही, हे पेंटरला चांगलं ठाऊक आहे. पण समोरच्या दुकानातून दिवसभर दोनच शब्द कानावर पडत असतील तर दुसरं काय नाव ठेवायचं, असं तो विचारतो.

ते शब्द असे. मिस्त्री चाकापाशी बसून म्हणतात, "धर." गाडीच्या सीटवरून त्यांच्या बायकोचा आवाज येतो, "धरलं." थोड्या वेळाने मिस्त्री म्हणतात, "सोड." वरून उत्तर येतं, "सोडलं." मग पुन्हा धर.

गाडीचा ब्रेक तेलावर चालतो. पायाने पेडल दाबलं की तो दाब नळीतल्या तेलातून चाकापर्यंत जातो. तेल चेपलं जात नाही, म्हणून हे जमतं. हवा मात्र चेपली जाते. नळीत कुठे बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो आणि चाक फिरतच राहतं. ही हवा बाहेर काढायला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, पान्याने जरासं उघडायचं. तेल आणि हवा बारीक नळीतून बाटलीत येतात, पेडल खाली बसतं. निपल बंद झालं की मगच पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला, तर जेवढी हवा काढली तेवढी आट्यांमधून परत आत ओढली जाते. म्हणून हाका द्यायच्या.

पेडलवरचा पाय वहिनींचा. गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. लग्न नवं होतं तेव्हा त्या एकदा डबा द्यायला दुकानात आल्या. मिस्त्रींच्या हाताखालचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. "जरा बस आणि दाब," असं मिस्त्री म्हणाले, आणि वहिनी बसल्या त्या बसल्याच. हाताखालचा माणूस परत आला तेव्हा त्याला दुसरं काम शोधावं लागलं. आता त्यांची स्वतःची उशी आहे, ती प्रत्येक गाडीच्या सीटवर त्या टाकतात. स्टिअरिंगवर वर्तमानपत्र टेकवून शब्दकोडं सोडवतात. पाय आपलं काम करत असतो. "पाय नोकरीला आणि डोकं सुट्टीवर," असं त्या स्वतःच म्हणतात. एकदा एका टॅक्सीवाल्याने त्यांना मध्येच विचारलं होतं, "वहिनी, कंटाळा नाही का येत?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "चार अक्षरी शब्द सांगा, धीर या अर्थाचा." टॅक्सीवाल्याला सांगता आला नाही.

दोघांना एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणतात, जरी ती उंचीने बापाच्या वर गेली त्याला बरीच वर्षं झाली. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका दुकानात ती काम करायची. पुढे घरांमधल्या सोफ्यांची, खुर्च्यांची कामं घ्यायला लागली, आणि यंदा तिने वरच्या वस्तीत एक शेड भाड्याने घेतली. वरची वस्ती टेकडीवर आहे. लोक तिथले बऱ्यापैकी, सोफे जड, आणि रस्ता सरळ उताराचा. पहिलं मोठं काम आलं ते एका लॉजचं. जेवणघरातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायच्या होत्या. मॅनेजरने अट घातली की सोमवारी सकाळी खुर्च्या उचला, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. बारकीकडे शेड होती, मशीन होतं, कापड सांगून ठेवलं होतं. गाडी नव्हती.

गाडी बापाकडे होती. जुनी पिकअप, एका लाँड्रीकडून घेतलेली. दारावर लाँड्रीच्या नावाची अक्षरं अजूनही रंगाखालून दिसतात. कुणाची गाडी रस्त्यात ब्रेक जाऊन उभी राहिली की मिस्त्री या पिकअपमध्ये जॅक, पाने आणि तेलाचा डबा टाकून तिथे जायचे. नाहीच जमलं तर ती गाडी मागे बांधून दुकानात आणायचे.

"बाबा, पिकअप मला देता का?" बारकीने विचारलं.

"ब्रेक करून देतो," मिस्त्री म्हणाले.

देतो म्हणाले की ब्रेक करतो म्हणाले, यावर घरात दोन मतं होती. बारकीला वाटलं, दिली. वहिनींना वाटलं, माणूस नीट काही बोलला नाही.

मिस्त्रींनी काम मात्र मन लावून केलं. पेडलचा दाब तेलावर देणारा मास्टर सिलिंडर उघडून आतली सगळी रबरं बदलली. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर नवे टाकले. तेलाचे रबरी होज पाइप हातात वाकवून बघितले, दोन भेगाळलेले निघाले, तेही बदलले. मग वहिनींना सीटवर बसवलं आणि हवा काढायला घेतली. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे डाव्या मागच्या, आणि शेवट सगळ्यात जवळच्या, म्हणजे उजव्या पुढच्या. ही त्यांची नेहमीची पद्धत. शेवटच्या चाकातून स्वच्छ तेल आलं. मिस्त्रींनी पाने पुसले आणि स्वतः सीटवर बसून पेडल दाबलं.

पेडल अर्ध्याच्या खाली गेलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा वर उभं राहिलं.

पहिल्यांदा खाली आणि दुसऱ्यांदा वर, याचा अर्थ एकच. कुठेतरी हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं असतं तर मास्टर सिलिंडरवर संशय घेता आला असता. तसं होत नव्हतं. गाडीखाली तेलाचा थेंब नव्हता. मिस्त्रींनी प्रत्येक जोडावर बोट फिरवलं, बोट कोरडं आलं. दुसऱ्या दिवशी चारही चाकं पुन्हा उघडली. तीन चाकांतून निखळ तेल आलं. उजव्या पुढच्या चाकातून बुडबुडे आले.

म्हणजे चोर सापडला. त्या चाकाची डिस्क आवळून धरणाऱ्या कॅलिपरमधलं रबर बदललं. हवा काढली. पेडल नरम. त्या चाकाचा नवा होज पाइपही काढून दुसरा टाकला. हवा काढली. पेडल नरम. निपल बदललं. मग भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या गाडीचा पूर्ण कॅलिपरच आणला, धुतला, बसवला. पेडल नरम, आणि उघडून बघावं तर बुडबुडे त्याच चाकात.

पेंटर रस्ता ओलांडून बघायला आला. "मिस्त्री, कुठंतरी पाणी मुरतंय."

"पाणी मुरत असतं तर बरं होतं," मिस्त्री म्हणाले. "हवा मुरतेय."

"गाड्यांत आयुष्य घालवलंत आणि घरच्या गाडीपाशी घोडं अडलं?"

"तू तुझी गाडी रंगव."

घरी जेवताना बारकीने विषय काढला. ती म्हणाली, "बाबा, सोमवारपर्यंत होणार नसेल तर आत्ताच सांगा. मी भाड्याची गाडी बघते. पण मग प्रत्येक सोफ्याला भाड्याची गाडी. धंदा त्या गाडीवाल्याचा होईल, माझा नाही."

"नरम पेडलवर तो उतार उतरायचा नाही," मिस्त्री म्हणाले. "भरलेली गाडी असते. वळणावर एकदा पेडल खाली गेलं की पुन्हा पुन्हा दाबून पंप मारायला वेळ मिळत नाही."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण बारकी हात धुवायला उठल्यावर वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा. तुम्हाला द्यायचीच नाही ना?"

मिस्त्रींनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

हा प्रश्न वहिनी पहिल्यांदा विचारत नव्हत्या. हवा काढण्याच्या प्रत्येक वेळी त्यांनी तो कुठल्या ना कुठल्या रूपात विचारला होता, आणि ठरावीक जागीच विचारला होता. मागच्या चाकांशी मिस्त्री असले की बोलणं होत नाही. मध्ये गाडीचा सगळा पाठचा भाग असतो, ओरडून हाका द्यायच्या आणि ऐकायच्या. डाव्या पुढच्या चाकाशीही तेच, मध्ये इंजिन असतं. उजव्या पुढच्या चाकाशी मिस्त्री बुटक्या स्टुलावर बसले की त्यांचं डोकं वहिनींच्या उघड्या दारापासून हातभर अंतरावर असतं. तिथे कुजबुजलं तरी ऐकू जातं. आणि तिथेही तेल स्वच्छ येईपर्यंत बोलायची सोय नाही, कारण बुडबुडे मोजणारा माणूस चिडतो. स्वच्छ आलं की मिस्त्री स्वतःच म्हणतात, "आलं बघ." तेवढ्याच वेळात काय ते विचारून घ्यायचं. एवढ्या वर्षांचा संसार, कधी काय विचारावं हे वहिनींना कळतं.

शनिवारी दुपारी पिकअप एका बाजूला चाक काढून उभी होती आणि दुकानात टॅक्सी आली होती. रोजचं काम थांबत नाही. वहिनी टॅक्सीच्या सीटवर, मिस्त्री मागच्या चाकाशी. पेंटर पुन्हा आला आणि चाकाशेजारी उकिडवा बसला.

"दाब," मिस्त्री म्हणाले. "दाब. धर."

"धरलं."

मिस्त्रींनी निपल उघडलं. नळीतून तेल बाटलीत उतरायला लागलं.

"मिस्त्री, एक विचारू?" पेंटर म्हणाला. "पोरीला गाडी देणार की झुलवत ठेवणार? गल्लीत पैजा लागल्यात."

"ते सोड रे," मिस्त्री ओरडले.

बाटलीतलं तेल नळीतून उलटं वर चढलं.

मिस्त्रींची नजर नळीवरच होती. त्यांनी निपल आवळलं आणि मान वर केली. "पाय कुणी उचलला?"

"मी," वहिनी सीटवरून म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात सोड."

"ते याला म्हणालो."

"मला काय माहीत? सोड म्हणालात, सोडलं. अर्धा शब्द भरला होता माझा, आडवा."

"नाव न घेता हाका मारल्या की असंच होतं," पेंटर म्हणाला. त्याला गंमत वाटली होती. मिस्त्रींना वाटली नव्हती. ते हातातल्या पान्याकडे बघत बसले. टॅक्सीवाला दोन वेळा म्हणाला, "काय झालं?" आणि मग त्यानेही विचारायचं थांबवलं.

"इकडे ये," मिस्त्री बायकोला म्हणाले.

वहिनी वर्तमानपत्र घडी करून मागे आल्या.

"पिकअपची हवा काढताना शेवटच्या चाकाशी तू मला काय विचारतेस?"

"तुम्हाला माहीत आहे काय विचारते."

"आणि मी काय म्हणतो?"

वहिनी उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. मिस्त्री काय म्हणतात हे त्यांना पाठ होतं. ते म्हणतात, ते सोड. कधी म्हणतात, सोड ना आता. तोंड दाराकडे वळवून म्हणतात, म्हणजे नजर नळीवर नसते. निपल उघडंच असतं, कारण स्वच्छ तेल अजून येत असतं. आणि सीटवर शब्दकोडं असतं, पाय सोड ऐकला की आपोआप वर येतो.

"कॅलिपर उगाच बदलला," वहिनी म्हणाल्या.

"रबरं पण," मिस्त्री म्हणाले. "होज पण."

"तरी मी म्हणत होतो पाणी मुरतंय," पेंटर म्हणाला. पुढे कितीतरी दिवस त्याने ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, आणि दर वेळी त्यात दोष शोधून काढणारा तोच होता.

टॅक्सी करून दिल्यावर मिस्त्री पिकअपकडे वळले. वहिनींनी वर्तमानपत्र दुकानात ठेवलं. या खेपेला फक्त उजवं पुढचं चाक करायचं होतं. दोघं कामापुरते शब्द बोलले, बाकी तोंड मिटून. तेल स्वच्छ आलं. मिस्त्रींनी "आलं बघ" म्हटलं नाही, आणि वहिनींनी काही विचारलं नाही. निपल आवळून झालं. मिस्त्री सीटवर बसले आणि त्यांनी पेडल दाबलं. पहिल्याच दाबाला ते वर उभं राहिलं, दगडासारखं. पुन्हा दाबलं, तिथेच.

अशा वेळी माणसाने खूश व्हावं. मिस्त्री सीटवर बसून राहिले.

रविवारी सकाळी पिकअपमध्ये जुने ड्रम आणि एक निकामी इंजिन चढवलं, खुर्च्यांपेक्षा जड भरेल इतकं. बारकी चालवायला बसली, मिस्त्री शेजारी. वरच्या वस्तीपर्यंत चढून गेले आणि गाडी वळवली. उतारावर मिस्त्री फक्त "आता" म्हणायचे, आणि बारकी ब्रेक दाबायची. गाडी दर वेळी सरळ रेषेत, एका बाजूला न ओढता थांबत होती. मधल्या वळणाशी मिस्त्री खाली उतरले, चारही चाकांजवळ हात नेऊन आच घेतली, परत येऊन बसले. खाली पोचल्यावर बारकीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मग उद्या नेऊ ना?"

मिस्त्री समोरच्या काचेतून बघत होते. आता पेडल नरम आहे असं म्हणता येत नव्हतं.

"ने," ते म्हणाले. आणि मग, बारकी किल्लीला हात लावते आहे असं बघून, "रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचं काम आता होणार नाही."

"म्हणजे?"

"ज्याचे ब्रेक गेलेत, तो गाडी घेऊन दुकानात कसा येणार? मीच जातो. याच गाडीने जातो. गाडी नसेल तर जे चालत येतील तेवढेच."

बारकीने हात किल्लीवरून काढला. "निम्मं काम तेच आहे ना तुमचं?"

"निम्म्याहून थोडं कमी."

"हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू गाडी मागितली नसतीस."

"नसतीच मागितली."

"म्हणून नाही बोललो. आईला सांगितलं असतं तर तिने तुला सांगितलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"आईला वाटतंय तुम्ही मुद्दाम अडवून ठेवलीत."

"वाटू दे म्हटलं. ब्रेक तर करायचाच होता." मिस्त्रींनी डॅशबोर्डवरची धूळ तळहाताने पुसली. "मनात नव्हतं असं नाही. एकदा पेडल नरम लागलं तेव्हा बरं पण वाटलं. पण मुद्दाम नाही केलं काही."

बारकीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नको, मी दुसरी सोय करते, असं म्हणणं सोपं होतं आणि ते तिच्या ओठांवर आलंही असेल. पण शेड घेतलेली होती, लॉजवाला थांबणार नव्हता, आणि बापाने चार चाकांचं काम पुनःपुन्हा करून गाडी तिच्या हातात दिली होती. ती म्हणाली, "मी नेते. मला लागणारच आहे."

"हो. मग ने."

"तुम्हाला राग येईल?"

"राग कसला? काम कमी होईल. ते होईलच."

घरी आल्यावर मिस्त्रींनी वहिनींनाही हेच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, जवळपास याच शब्दांत. वहिनी गॅस बारीक करून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हे एवढंच होतं तर मला सांगायला काय झालं होतं? इतक्या वेळा विचारलं मी तुम्हाला."

"तेव्हा हात गुंतले होते," मिस्त्री म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते बाजूला झाले.

सोमवारी बारकी पिकअप घेऊन गेली. लॉजच्या खुर्च्या तिने उचलल्या. दुपारी फोन करून सांगितलं की उताराला काही अडचण आली नाही, पेडल जसंच्या तसं आहे, आणि खुर्च्यांमध्ये आतून कापसाऐवजी गोणपाट भरलेलं निघालं. पुढे ती बराच वेळ गोणपाटाबद्दलच बोलली.

त्याच आठवड्यात पाव पोचवणाऱ्या एका व्हॅनच्या ड्रायव्हरचा दुकानात फोन आला. व्हॅन पुलाच्या पलीकडे उभी आहे, पेडल जमिनीला टेकतंय, मिस्त्री येता का? या ड्रायव्हरकडे मिस्त्री पूर्वी कितीतरी वेळा गेले होते. त्यांनी त्याला विचारलं, चाकाच्या आतून तेल गळतंय का बघ. ड्रायव्हरने वाकून बघितलं आणि हो म्हणाला. मग मिस्त्रींनी सांगितलं की माझ्याकडे आता गाडी नाही, बसने येतो, तास दीड तास लागेल, आणि जॅक तेवढा तुझ्याकडचा लागेल. मग ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या मग मिस्त्री, पाव खराब होतील. मी इकडेच कुणाला बघतो." तो चांगलं बोलला, उद्धटपणाने नाही.

मिस्त्रींनी फोन ठेवला. वहिनी दुकानाच्या आत बाटल्या पुसत होत्या.

"कोण होतं?"

"पाववाला. व्हील सिलिंडर गेलाय त्याचा. दुसऱ्याला बोलावतो म्हणाला."

"वाईट वाटलं?"

मिस्त्रींनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. "वाटलं," ते म्हणाले. "आज जास्त वाटलं. फोन येणार नाही असं धरून चाललो होतो. आला."

वहिनींनी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि दुसरं स्टूल घेऊन समोर बसल्या. सेकंडहँड छोटी व्हॅन बघावी का, की पुलापलीकडच्या एखाद्या गॅरेजवाल्याशी बोलून ठेवावं, म्हणजे तो गाडी ओढून आणेल आणि ब्रेक आपण करू, यावर दोघं बोलत बसले. गॅरेजवाल्याची कल्पना वहिनींची होती. मिस्त्रींना ती फारशी पटली नाही आणि का पटली नाही ते त्यांनी सविस्तर सांगितलं. समोरून पेंटर दोनदा डोकावून गेला. दुकानातून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता आणि एकही गाडी जॅकवर नव्हती, याचं त्याला नवल वाटलं. त्या दिवशी ठरलं काहीच नाही.